सभासद क्रमांक ८७

आई पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान उघडते. शेवट काय आहे ते बघायला, असं कुणालाही वाटेल, आणि ते अगदीच खोटं नाही. पण मुळात ही सवय लागली ती आकड्यांमुळे.

सांगलीला गावभागात अण्णांचं वाचनालय होतं. खाजगी. म्हणजे त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली, तिला छतापर्यंत फळ्या, मध्ये एक टेबल आणि टेबलामागे बनियनवर बसलेले अण्णा. पंधरा रुपये अनामत, महिन्याला चार रुपये, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. नवीन पुस्तक आलं की अण्णा ते जाड पुठ्ठ्यात बांधून घ्यायचे आणि वर खाकी कागद चढवायचे. त्यामुळे सगळी पुस्तकं एका शाळेतल्या पोरांसारखी दिसायची. नावांचाही उपयोग नसायचा. प्रेमाच्या कादंबरीच्या नावात चांदणं, सावली, पदर नाहीतर मोगरा असणारच. सहा महिन्यांनी तीच कादंबरी पुन्हा घरी यायची आणि चाळीस पानं झाल्यावर आईच्या लक्षात यायचं, की ह्या डॉक्टरला आपण ओळखतो. यावर उपाय म्हणून बायका शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आपला सभासद क्रमांक टाकायच्या. आईचा २१४.

अण्णांना हे मुळीच खपायचं नाही. 'पुस्तकांवर लिहू नये' अशी पाटी होती, टेबलावर खोडरबर होतं, आणि पुस्तक परत आलं की ते आमच्यासमोरच शेवटचं पान उघडून घासायला बसायचे. पण एक माणूस खोडून खोडून किती खोडणार? शिवाय पेन्सिल खोडली तरी तिचा वळ कागदावर राहतोच. आई पान उजेडाकडे तिरकं धरून वाचायची.

त्या वळांत आईला सगळं दिसायचं. १३१ नंबरनं वाचलंय म्हणजे पुस्तक रडवणार. ५६ला काहीही चालायचं, त्यामुळे ५६च्या वाचण्याला काडीची किंमत नव्हती. ९ नंबर फक्त मोठी नावं वाचायचा आणि बहुधा निम्म्यात सोडायचा, कारण त्याचा आकडा शेवटी नाही, मध्येच कुठंतरी सापडायचा. आणि ८७. ८७नं वाचलेलं पुस्तक आईनं कधी खाली ठेवलं नाही. "सत्त्याऐंशीनं वाचलंय," एवढं म्हणून ती ते पिशवीत टाकायची. ह्या बाई कोण, गावात राहतात कुठं, काही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची तिला गरजही वाटली नाही.

एकमेकींना तोंडानं पुस्तकं सुचवणं हा मात्र वेगळाच मामला होता. अण्णांच्या फळ्यांवर चिठ्ठ्या होत्या: ऐतिहासिक, रहस्य, प्रवास, सामाजिक, कौटुंबिक. 'प्रेम' अशी चिठ्ठी कुठंच नव्हती. प्रेमाच्या कादंबऱ्या सामाजिक आणि कौटुंबिकमध्ये वाटून ठेवलेल्या असत. लग्नाआधीचं प्रेम सामाजिक, लग्नानंतरचं कौटुंबिक, असा अण्णांचा ढोबळ हिशेब असावा. बायकाही तो शब्द उच्चारायच्या नाहीत. "अण्णा, काहीतरी हलकंफुलकं द्या," असं म्हणायचं. अण्णांना कळायचं. "फार जड नको हो, दुपारी जरा पडल्यापडल्या वाचायला," असं कुणी म्हटलं तरी कळायचं.

आणि मत? मत तर त्याहून जपून दिलं जायचं. माझ्या लहानपणी 'आवडली' हे मी कुणाच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. "वेळ जातो" ही सर्वांत वरची पावती. "बरी आहे" म्हणजे चांगली आहे. "वाचून बघा" म्हणजे मी दोनदा वाचली. "काय बाई एकेक लिहितात!" हे जर हसत म्हटलं, तर पुस्तक परत जायच्या आत आपल्याकडे आलं पाहिजे. "फारच वर्णनं आहेत" याचे दोन अर्थ, डोंगरदऱ्यांची वर्णनं असतील तर पुस्तक टाळायचं आणि तशी नसतील तर... समोरच्या वहिनी एकदा आईला दारातूनच म्हणाल्या, "तुम्ही वाचू नका हो ती, तुम्हाला नाही आवडायची." आई त्याच संध्याकाळी अण्णांकडे गेली.

आता वाटतं, हे सगळं आडपडद्यानं बोलणं भित्रेपणाचं नव्हतं. रहस्यकथा आवडली असं सांगितल्यावर आपण खुनी ठरत नाही. प्रेमकथा आवडली म्हटलं, की नायक कसा होता हा प्रश्न येतो, आणि त्याच्या उत्तरात सांगणारीचं घर, तिचा नवरा, तिला काय मिळालं आणि काय नाही, हे सगळं डोकावायला लागतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंना एकाच प्रकारचा नायक आवडायचा, जो आजारी नायिकेजवळ बसून राहतो. तो देखणा, श्रीमंत, कसाही असो, उशाशी बसला पाहिजे. दोन बाळंतपणं आणि एक टायफॉईड त्यांनी कुणाच्या भरवशावर काढला, ते वाड्यात सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे काकूंनी "ह्यातला बसतो हो जवळ" म्हणून पुस्तक पुढं केलं, की आई ते मुकाट्यानं घ्यायची. वाचून झालं की न चुकता सांगायची, "चांगला होता."

८७वर येते. ८७चा नुसता आकडा नसायचा, शेराही असायचा. बारीक, उजवीकडे झुकलेलं, अत्यंत शिस्तीचं अक्षर. पहिला मला आठवतो तो असा: "सदर नायकास अक्कल नाही. तथापि शेवट समाधानकारक." आई इतकी हसली, की चहा उतू गेला. मग आम्ही शेरे शोधायलाच लागलो. "नायिका पृ. ४० पर्यंत ठीक. नंतर उगाच रडते." "प्रकरण ७ वगळल्यास चालेल." "हीच कथा याच लेखिकेने पूर्वी लिहिली आहे. त्यात शिक्षक होता, यात इंजिनीयर." आणि एका कादंबरीत पाऊण पान भरून: "नायकाने नायिकेस थोबाडीत मारली आहे (पृ. ९२). लेखकाने त्याचे समर्थन केले आहे. हे योग्य नाही." त्याखाली वेगळ्या, गोल अक्षरात: "खरे आहे. १३१." त्याखाली आणखी एक: "मारल्यावरच तिला प्रेम कळते, कथेत तसे लागते. ५६." आणि त्याच्या खाली आईचं अक्षर. आईनं पुस्तकावर आकड्याशिवाय लिहिलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "लागत नाही. २१४."

मराठीत नायकानं थोबाडीत मारणं त्या काळी फारसं वावगं धरत नसत. कादंबरीत मारायचे, सिनेमात मारायचे, नायिका गालावर हात ठेवून एकदम समजूतदार व्हायची. ह्यावर कुठल्या समीक्षकानं त्या वर्षांत काही लिहिलं असेल तर ते आमच्या गावभागापर्यंत पोचलं नाही. अण्णांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मात्र चार माणसांनी पेन्सिलीनं वाद घातला होता.

ह्या कादंबऱ्यांवर मोठ्या माणसांनी एकदा जे मत दिलं, ते थेट सर्वोच्च न्यायालयात. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ साली 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कवी मनाचा, पेशानं शिक्षक असलेला निशिकांत आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, अशी ती गोष्ट. खालच्या कोर्टांतून वर चढत प्रकरण दिल्लीला गेलं आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले. नुसता लैंगिक उल्लेख म्हणजेच अश्लीलता असं धरलं, तर धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. आणि जाता जाता कथेबद्दलही मत दिलं, की दर्जा फारसा नाही, अभिरुचीही बेताचीच, पण वाचणाऱ्याला बिघडवील असं यात काही नाही. मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हा ८७चाच शेरा. सदर कथा सामान्य, तथापि चालेल. गंमत म्हणजे त्याच वर्षी काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरून काढलेला 'दो रास्ते' हा हिंदी सिनेमा आला आणि ज्या बायका त्यांचं नाव तोंडानं घेत नसत, त्या सहकुटुंब थिएटरात जाऊन बसल्या.

खटला सुटला तरी अण्णांनी काकोडकर आतल्या खोलीतच ठेवले. मागणाऱ्यानं नाव घ्यायचं नाही, "आतलं एखादं" म्हणायचं. ते वर्तमानपत्रात गुंडाळून मिळायचं. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ही सोय नव्हती. तिथं कार्यकारिणी होती, सरकारी अनुदान होतं, खरेदीच्या यादीवर चर्चा व्हायची, आणि त्या चर्चेत हलक्याफुलक्याचा निभाव लागणं कठीण. अण्णांना अनुदान नव्हतं म्हणून कुणाचं ऐकायचंही नव्हतं. चार रुपये देणाऱ्या बाईला काय वाचायचंय, एवढंच त्यांनी पाहिलं.

कॉलेजात गेल्यावर मी मिल्स अँड बूनच्या इंग्रजी प्रेमकथांना लागले. वसतिगृहातल्या मुलींकडे ती यायची. साधारण एकशेनव्वद पानांची, दप्तरात कुठंही मावणारी. इथं सुचवण्याची तऱ्हा वेगळी. आडपडदा नाही, उलट थेट बाजार. "नायक ग्रीक आहे का?" "नाही, ऑस्ट्रेलियन, मेंढ्यांचं फार्म आहे." "पहिलं चुंबन कितव्या पानावर?" रांग लागलेली असायची आणि रांगेत कोण कुणाच्या आधी, ह्यावर अबोले व्हायचे. इंग्रजी सुधारावं म्हणून वाचतो, असं आम्ही घरी सांगायचो. माझं तरी खरंच थोडं सुधारलं. 'भुवई उंचावणे' याला इंग्रजीत किती प्रकारे म्हणता येतं, ते मला आजही पाठ आहे.

फार नंतर एका गोष्टीनं मला अण्णांच्या खोलीत परत नेलं. मिल्स अँड बून १९०८ साली लंडनमध्ये निघाली तेव्हा ती सगळ्याच प्रकारची पुस्तकं काढायची. १९३०च्या सुमाराला तिनं प्रेमकथांवर भर दिला आणि ती पुस्तकं तिकडच्या गल्लीबोळातल्या भाडोत्री वाचनालयांतून, दोन पेनीला एक अशी, बायकांच्या हाती जाऊ लागली. बांधणी तपकिरी असायची म्हणून त्यांना 'तपकिरी पुस्तकं' असंच म्हणत. म्हणजे तिकडंही बाई काउंटरवर जाऊन लेखिकेचं नाव न घेता रंग सांगत असणार. आमच्याकडं खाकी, त्यांच्याकडं तपकिरी, आणि काउंटरमागे कुणीतरी बनियनमधला अण्णा. (तिकडं थंडी. बनियनवर कोट असेल.)

एम. ए. करताना मला शिंगं फुटली. स्वप्नरंजन, पलायनवाद, साचेबद्ध वगैरे शब्द नवीन मिळाले होते आणि ते कुठंतरी वापरायचे होते. सुट्टीत घरी आल्यावर मी ते आईवर आणि वरच्या काकूंवर वापरले. सगळ्या कादंबऱ्यांचा शेवट एकच असतो, मग वाचता कशाला, असं मी काकूंना विचारलं. काकू भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं, आमटीसुद्धा रोज आमटीच असते. म्हणून कुणाच्याही हातची चालते होय?" मी त्यावर काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक साचेबद्ध हाच शब्द पुन्हा वापरला असेल.

शेवट एकच असतो, हे पण पुरतं खरं नव्हतंच. अण्णांच्या पुस्तकांची शेवटची पानं हमखास गळालेली असायची, कारण सगळ्यांत जास्त हाताळली तीच जायची. अशी एक कादंबरी वाड्यात फिरली होती. सोळा पानं गायब, नायिका स्टेशनवर उभी, गाडी आलेली. आईनं १३१कडून निरोप आणवला (ती कोण ते एव्हाना कळलं होतं, शाळेपाशी शिलाईचं दुकान होतं तिचं), तर म्हणे ती गाडीत बसते आणि नायकाचं पत्र दुसऱ्या दिवशी पोचतं. समोरच्या वहिनी म्हणाल्या, छे, तो प्लॅटफॉर्मवर येतो. वरच्या काकूंनी ती मूळ आवृत्ती माहेरी वाचली होती. त्या म्हणाल्या, ती जात नाही, येतही नाही, तिथंच स्टेशनजवळच्या शाळेत नोकरी धरते आणि तो सहा महिन्यांनी चुकत माकत येतो. आम्हाला सगळ्यांना काकूंचा शेवट पटला. कित्येक वर्षांनी पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला ती कादंबरी अख्खी मिळाली. तो प्लॅटफॉर्मवर येतो. दीड पानात सगळं आटपतं, आणि उरलेल्या पानांत प्रकाशकाची यादी आणि टपालखर्चाचे दर. काकूंनी शाळा, नोकरी, सहा महिने, सगळं स्वतःचं घातलं होतं. त्या तेव्हा हयात नव्हत्या, नाहीतर मी ते पुस्तक घेऊन जिना चढले असते.

मराठीत कादंबरी हा शब्दच मुळी बाणभट्टाच्या नायिकेवरून आला, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. ती प्रेमकथा एक पोपट सांगतो, पोपटाला ती ऋषीनं सांगितलेली असते, आणि बाणभट्ट ती अर्ध्यात टाकून वारला म्हणून उत्तरार्ध त्याच्या मुलानं लिहिला. म्हणजे ऐकीव गोष्ट, शेवटची पानं नाहीत, शेवट दुसऱ्या कुणीतरी जोडलेला. काकूंचं काही चुकलं नव्हतं.

अण्णा गेल्यावर दोनेक वर्षांत वाचनालय बंद झालं. त्यांच्या मुलानं पुस्तकं काढायला काढली तेव्हा जुन्या सभासदांना बोलावलं, हवं ते घेऊन जा म्हणून. आई आणि मी गेलो. फळ्यांपुढं एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उभी होती, आणि अण्णांचा मुलगा वहीत बघून तिची अनामत परत देत होता. पंधरा रुपये. "सत्त्याऐंशी," तो म्हणाला.

आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मग पुढं होऊन म्हणाली, "तुम्ही होय सत्त्याऐंशी? अहो, पंचवीस वर्षं मी तुमच्या जिवावर वाचत आलेय." बाई गोंधळल्या. "मी? मला कुठलं हो वाचन! मला चौथीनंतर पुस्तक माहीत नाही. हेच न्यायचे माझ्या नावावर. मामलेदार कचेरीत होते." मग जरा थांबून, "घरी कुणी आलं की उशीखाली सारायचे. कुणाला सांगू नको म्हणायचे."

घरी येताना रिक्षात आई कितीतरी वेळ गप्प होती. मला वाटलं वाईट वाटलं असेल, पंचवीस वर्षांची मैत्रीण गेली म्हणून. मग गणपती मंदिरापाशी ती एकदम म्हणाली, "तरीच 'सदर'! कुठली बाई नायकाला सदर म्हणेल?" आणि रिक्षावाल्यानं मागं वळून बघावं इतकी हसत सुटली. त्या हसण्यात थोडा रागही असावा. एक माणूस इतकी वर्षं त्याच रस्त्यानं कचेरीत जात होता, थोबाडीत मारणं योग्य नाही असं लिहीत होता, आणि बायकांना ते दुसऱ्या बाईनं लिहिलंय असं वाटत होतं. त्यानं ते आपल्या नावानं कुठं बोलून दाखवलं असतं तर, असं तिला वाटलं असेल. मला तर वाटलं.

आई आता चौऱ्याऐंशीची आहे आणि पुण्यात माझ्याकडे असते. माझी लेक प्रेमकथा वाचते, बहुतेक फोनवर, आणि मैत्रिणींशी त्यावर तासन्‌तास बोलते. तिच्या बोलण्यातलं मला निम्मं कळतं. परवा तिनं एक खरं, कागदी पुस्तक आजीच्या हातात दिलं. मराठीच होतं.

"कसं आहे?" आईनं विचारलं.

"टाइमपास आहे, आजी."

आईनं माझ्याकडे बघितलं. आम्हाला दोघींना तो शब्द ओळखीचा वाटला.

"शेवट?"

"शेवट नाही सांगायचा! स्पॉयलर असतो तो."

"गोड आहे की नाही, एवढं तरी सांगशील? ह्या वयात उगाच कुणाच्या मरणाला कोण रडत बसणार?"

लेकीनं कसंबसं, डोळे फिरवत, गोड आहे म्हणून कबूल केलं. आईनं तरी शेवटचं पान उघडलं, चष्मा सारखा केला, पान खिडकीकडे तिरकं धरून बघितलं. कोरं होतं. मग पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि तीन दिवसांत संपवलं. चौथ्या दिवशी लेक पुस्तक हातात घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आई, हे बघ! अगं, माझ्या मैत्रिणीचं आहे हे, आणि आजीनं त्यावर लिहिलंय."

शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, थरथरत्या पेन्सिलीनं: "सदर नायक बरा. २१४."

"खोडू का?" ती म्हणाली. "आणि हे दोनशे चौदा काय आहे?"